बफर द्रावण

थोडे आम्ल किंवा थोडे आम्लारी मिसळले तरी ज्या द्रावणाचा सामू फारसा बदलत नाही, त्यास बफर द्रावण म्हणतात. सौम्य आम्ल व त्याचे संयुग्मी आम्लारी, किंवा सौम्य आम्लारी व त्याचे संयुग्मी आम्ल, अशी जोडी पुरेशा प्रमाणात एकत्र असली म्हणजे द्रावणास हा गुण प्राप्त होतो. बफर द्रावण आम्ल नाहीसे करते असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. आलेले आम्ल ते आपल्या साठ्याच्या मोबदल्यात सौम्य रूपात बदलून घेते. त्या बदलात साठा खर्च होतो व तो संपला की सामू एकदम ढासळतो.

निसर्गात सर्वांत अधिक आढळणारी बफर जोडी कार्बन डायऑक्साइडपासून बनणारे कार्बॉनिक आम्ल व बायकार्बोनेट यांची आहे. मानवी रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास राखणारी हीच जोडी, पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड तालुक्यांतील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू ८ च्या आसपास अडवून धरते आणि तेथील गोठ्यांतील गायींच्या पोटातही काम करते. या लेखातील बरीचशी उदाहरणे त्यामुळे याच दोन तालुक्यांतून घेतली आहेत.

कार्यपद्धती

तीव्र आम्ल पाण्यात पूर्णपणे विघटित होते व त्यातील सर्व हायड्रोजन आयन मोकळे होतात. सौम्य आम्लाचे विघटन अल्प प्रमाणात होते. बहुतेक हायड्रोजन रेणूतच बांधलेला राहतो. सामू केवळ मोकळ्या हायड्रोजन आयनांवर ठरतो, बांधलेल्या हायड्रोजनावर नाही. बफर द्रावणाची सारी किमया या भेदात आहे.

ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधील आम्ल) व सोडियम ॲसिटेट यांचे मिश्रण हे पाठ्यपुस्तकातील नेहमीचे उदाहरण. या मिश्रणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की त्याचे हायड्रोजन आयन ॲसिटेट आयनांशी जुळून ॲसेटिक आम्ल बनते, म्हणजे मोकळे आयन बांधले जातात. उलट सोडियम हायड्रॉक्साइड घातले तर ॲसेटिक आम्ल आपला हायड्रोजन देऊन हायड्रॉक्साइडचे पाणी करून टाकते. जोडीतील एक घटक आम्लाला सामोरा जातो, दुसरा आम्लारीला.

परिणाम किती मोठा असतो हे आकड्यांवरून कळते. एक लिटर शुद्ध पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचा ०.०१ मोल घातला तर सामू ७ वरून २ वर येतो, म्हणजे मोकळ्या हायड्रोजन आयनांची संहती एक लाख पट वाढते. ॲसेटिक आम्ल व सोडियम ॲसिटेट प्रत्येकी ०.१ मोल असलेल्या एक लिटर द्रावणात तेवढेच आम्ल घातले तर सामू ४.७६ वरून ४.६७ वर येतो.

ही आकडेमोड ज्या सूत्राने करतात ते असे: सामू = पीकेए + लॉग (संयुग्मी आम्लारीची संहती ÷ सौम्य आम्लाची संहती). पीकेए हा त्या आम्लाचा स्थिरांक असून ॲसेटिक आम्लासाठी तो ४.७६ आहे. सूत्रात बेरीज किंवा वजाबाकी नसून दोन संहतींचे गुणोत्तर आहे, आणि त्या गुणोत्तराचाही लॉग घ्यायचा आहे. त्यामुळे गुणोत्तरात बराच फरक पडला तरी सामू थोडाच हलतो. दोन्ही घटक सारखे असताना सामू पीकेएइतका असतो आणि प्रतिकारही सर्वाधिक असतो. एक घटक दुसऱ्याच्या दसपट झाला की सामू एका अंकाने सरकतो आणि त्यापुढे जोडी फारशी कामाची उरत नाही. म्हणून पीकेएच्या एक अंक खाली ते एक अंक वर एवढा पट्टा कोणत्याही बफर जोडीचा उपयुक्त पट्टा मानतात.

शब्द आणि इतिहास

‘बफर’ हा शब्द धक्का सोसणाऱ्या साधनावरून आला. दौंडसारख्या रेल्वे जंक्शनवर वाढलेल्यांना तो रसायनशास्त्राच्या आधी रुळांवर भेटतो: जुन्या पद्धतीच्या डब्यांच्या व वाघिणींच्या दोन्ही टोकांना बसवलेले स्प्रिंगचे वाटोळे दांडे म्हणजे बफर. डबा डब्याला भिडला की स्प्रिंग दबते व धक्का आत पोहोचत नाही. पण स्प्रिंग पूर्ण दबल्यावर येणारा धक्का थेट डब्याला बसतो. रासायनिक बफरला ही उपमा मर्यादेसह लागू पडते. मराठीत पर्यायी शब्द सुचवले गेले असले तरी अध्यापनात व व्यवहारात ‘बफर’ हाच शब्द रूढ झाला आहे.

कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या बिअर उत्पादकांच्या प्रयोगशाळेत विकरांवर काम करताना सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये सामूची मोजपट्टी मांडली व ज्ञात सामूच्या बफर द्रावणांचे संच तयार केले. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील लॉरेन्स हेंडरसन यांनी रक्तातील कार्बॉनिक आम्ल व बायकार्बोनेट यांचा समतोल समीकरणात बसवला. डेन्मार्कचे कार्ल हॅसलबाल्क यांनी १९१६ मध्ये त्यास लॉगचे रूप दिले. वर दिलेले सूत्र या दोघांच्या नावाने ओळखले जाते. रसायनशास्त्राच्या वर्गात शिकवले जाणारे हे समीकरण मुळात रक्ताच्या अभ्यासातून जन्मले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून क्वचितच सांगितली जाते.

सामू आणि बफर क्षमता

सामू सारखा असलेली दोन द्रावणे आम्लाला सारखाच प्रतिकार करतील असे नाही. एक लिटर द्रावणाचा सामू एका अंकाने बदलण्यासाठी किती आम्ल किंवा आम्लारी लागते, यास स्थूलमानाने बफर क्षमता म्हणता येईल. ही क्षमता जोडीतील घटकांच्या संहतीवर अवलंबून असते. बफर द्रावणात पाणी घालून ते दसपट विरल केले तर सामू जवळजवळ तोच राहतो, क्षमता मात्र एकदशांश होते.

शेतकऱ्यांच्या अनुभवात हा फरक ठिबक सिंचनाच्या निमित्ताने येतो. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या कठीण पाण्याने ठिबकच्या नळ्यांत पांढरा चुना साचून छिद्रे बुजतात. ती मोकळी करण्यासाठी नळ्यांतून आम्लयुक्त पाणी सोडतात. किती आम्ल लागेल हे पाण्याचा सामू मोजून कळत नाही. शेजारच्या दोन विहिरींचा सामू ७.८ असू शकतो. पण एकीत लिटरमागे २ मिलिमोल बायकार्बोनेट असेल व दुसरीत ६ मिलिमोल, तर दुसरीला सुमारे तिप्पट आम्ल लागेल. म्हणूनच एका भांड्यात मोजून पाणी घेऊन त्यात थोडे थोडे आम्ल मिसळत, सामू इच्छित पातळीवर येईपर्यंत किती आम्ल गेले हे पाहण्याची पद्धत आहे. ही बफर क्षमतेचीच मोजणी होय. (आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही नाही.)

चुनखडीची जमीन

शिरूर व दौंड हे भीमा, घोड व मुळा-मुठा यांच्या खोऱ्यांतील पर्जन्यछायेचे तालुके. येथील पाऊस वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर, तर सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वरचा ५,००० मिलिमीटरहून अधिक. दोन्हीकडचा मूळ खडक एकच, काळा बेसाल्ट. परंतु महाबळेश्वरच्या पावसाने खडकातून सुटणारे कॅल्शियम केव्हाच धुऊन नेले आणि मागे तांबडी, आम्लधर्मी जमीन उरली. पूर्वेकडे पाऊस इतका थोडा की सुटलेले कॅल्शियम जमिनीतच राहिले व कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची चुनखडी झाली. नांगरताना वर येणारे पांढरे खडे ते हेच.

हवेच्या सान्निध्यात चुनखडी व पाणी यांचा समतोल साधारण ८.३ या सामूवर स्थिरावतो. मुळांच्या श्वसनाने जमिनीतील कार्बन डायऑक्साइड वाढला की तो काहीसा खाली येतो. या जमिनीत कोणतेही आम्ल आले की ते चुनखडीवर खर्च होते, कॅल्शियम व बायकार्बोनेट सुटतात आणि सामू होता तेथेच राहतो. शिवाय काळ्या मातीचे बारीक चिकणकण व त्यातील ह्यूमस हेही हायड्रोजन आयन धरून ठेवतात. जमिनीत अशा प्रकारे दुहेरी बफर असतो.

कालव्यांचे पाणी आल्यावर या भागात ऊस पसरला आणि जमिनीचा हा गुण अडचणीचा ठरू लागला. सामू ८ च्या आसपास असताना लोह, जस्त व स्फुरद जमिनीत असूनही पिकाला मिळत नाहीत. उसाची, विशेषतः खोडव्याची, कोवळी पाने शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा अशी दिसू लागतात. त्यास शेतकरी केवडा म्हणतात. उपाय म्हणून गंधक टाकून सामू उतरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने ८ लाख किलो. तीत ५ टक्के चुनखडी असेल तर ती ४० हजार किलो झाली. जमिनीतील जिवाणू गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ३२ किलो गंधकापासून होणारे आम्ल १०० किलो चुनखडी संपवते. म्हणजे एवढी चुनखडी संपवण्यास सुमारे १२,८०० किलो गंधक लागेल. वीस किलोची पिशवी केवळ साडेबासष्ट किलो चुनखडी संपवते. संपूर्ण शेताचा सामू एक-दोन पिशव्यांनी उतरेल ही अपेक्षा त्यामुळे फोल आहे. गंधक हे पिकाचे अन्न म्हणून उपयोगी पडते, शेणखतात मिसळून मुळांजवळ पट्ट्यात दिल्यास तेवढ्या भागापुरता सामूही तात्पुरता उतरतो. पण जमिनीचा बफर त्याने हटत नाही. हिराकस नुसती मातीत टाकली तर तिच्यातील लोह लवकरच अविद्राव्य होते. तीच पानांवर फवारली किंवा लोह चिलेटच्या रूपात दिले तर बफरला वळसा घालून लोह पिकापर्यंत पोहोचते.

चुनखडीयुक्त जमीन व चोपण जमीन यांत गल्लत करू नये. चोपण जमिनीत मातीच्या कणांवर सोडियम बसलेला असतो, सामू ८.५ च्या वर जातो आणि तेथे जिप्सम व निचरा हे उपाय लागतात.

गायीचे पोट

गाय, म्हैस, शेळी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या कोटीपोटात जिवाणू चाऱ्याचे आंबवण करतात व त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्ले सतत बनत असतात. ही आम्ले हेच जनावराचे मुख्य इंधन. परंतु ती साचली तर जिवाणूच मरतील. कोटीपोटाचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान राखण्याचे काम लाळ करते. मोठी गाय दिवसाला १०० लिटरहून अधिक लाळ गाळते आणि त्या लाळेत बायकार्बोनेट व फॉस्फेट भरपूर असते. सोड्याच्या हिशेबाने पाहिले तर गाय स्वतःच रोज एक किलोहून अधिक सोडा पोटात सोडते.

लाळ सुटते ती चावण्याने व रवंथ करण्याने. कडबाकुट्टीतून फार बारीक केलेला चारा, भरमसाट खुराक, आंबट मुरघास यांवर ठेवलेल्या जनावराचे रवंथ कमी होते. एकीकडे आम्ल वाढते आणि दुसरीकडे बफर घटतो. लग्नकार्यात उरलेला भात, चपात्या किंवा धान्य एकदम खाऊ घातल्याने दुभत्या गायी दगावतात त्याचे कारण हेच. पिष्टमय अन्नाचे झपाट्याने लॅक्टिक आम्ल बनते, सामू ५ च्या खाली जातो आणि ते आम्ल रक्तात उतरले की रक्तातील बायकार्बोनेटही संपू लागते. अशा वेळी तातडीने पशुवैद्यकास बोलवावे लागते. खुराकात खाण्याचा सोडा मिसळण्याची पद्धत याच रसायनावर आधारलेली आहे, परंतु लाळेतून येणाऱ्या साठ्यापुढे ती मात्रा थोडी असते. लांब तुकड्यांचा कोरडा चारा देऊन रवंथ वाढवणे अधिक परिणामकारक ठरते.

दुधालाही स्वतःचा बफर असतो. केसीन, फॉस्फेट व सायट्रेट यांमुळे ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८ राहतो आणि आंबणे सुरू झाल्यावरही काही काळ तो हळूहळूच उतरतो, ४.६ च्या आसपास केसीनचे कण एकत्र येऊन दही लागते. संकलन केंद्रांवर दुधाची आम्लता अनुमापनाने पाहतात. नासू लागलेल्या दुधात सोडा घालून ती लपवण्याचा प्रकार म्हणजे या रसायनाचा गैरवापर असून कायद्याने ती भेसळ आहे.

मानवी शरीर

मानवी धमन्यांतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. तो ७ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला तर जिवाला धोका निर्माण होतो. दुसरीकडे शरीरात आम्ल अखंड तयार होत असते. पेशींच्या श्वसनातून दिवसाला सुमारे १५ मोल कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर प्रथिनांच्या पचनातून सल्फ्युरिक आम्लासारखी, फुप्फुसांवाटे बाहेर न जाणारी आम्ले वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ मिलिमोल या प्रमाणात बनतात.

निरोगी रक्तात लिटरमागे सुमारे २४ मिलिमोल बायकार्बोनेट व १.२ मिलिमोल विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. गुणोत्तर २० : १. या जोडीचा पीकेए ६.१ आहे आणि २० चा लॉग १.३, बेरीज ७.४. येथे जाणकार विद्यार्थ्याला शंका यावी. सामू पीकेएपासून एका अंकाहून अधिक दूर आहे, म्हणजे नियमाप्रमाणे ही जोडी रक्तासाठी अयोग्य ठरते. परीक्षानळीत ती खरोखरच अयोग्य ठरली असती.

रक्ताच्या एका लिटरमध्ये १२ मिलिमोल तीव्र आम्ल आले असे समजू. बायकार्बोनेट २४ वरून १२ वर येईल व तेवढाच कार्बन डायऑक्साइड नव्याने तयार होईल. बंद नळीत तो तेथेच साचून १३.२ मिलिमोल होईल आणि सामू सुमारे ६.०६, म्हणजे मृत्यू. परंतु शरीर ही बंद नळी नव्हे. नव्याने झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांवाटे निघून गेला व संहती १.२ वरच राहिली, तर गुणोत्तर १० : १ होऊन सामू ७.१ राहील. श्वास अधिक खोल व जलद होऊन ती ०.७ पर्यंत उतरली तर सामू ७.३३ होईल. बायकार्बोनेट निम्मे संपूनही सामू जवळजवळ मूळ जागी येतो, तो या उघड्या दारामुळे. (हिशेबात फक्त हीच एक जोडी धरली आहे. प्रत्यक्षात तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन, रक्तातील प्रथिने व पेशींमधील फॉस्फेट हेही भार उचलतात. ऊतींकडून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे सुटणारे बहुतेक हायड्रोजन आयन हिमोग्लोबिनच धरून ठेवते.)

या उदाहरणात सामू सावरला, पण बायकार्बोनेट १२ वरच राहिले. श्वासाने ते भरून येत नाही. ते काम मूत्रपिंडांचे. मूत्राचा सामू ४.५ च्या फार खाली जाऊ शकत नाही. त्या सामूला लिटरभर मूत्रात मोकळे हायड्रोजन आयन केवळ ०.०३ मिलिमोल मावतात. दिवसाचे ६० मिलिमोल आम्ल मोकळ्या रूपात टाकायचे तर जवळजवळ १,९०० लिटर मूत्र लागले असते. ते दीड-दोन लिटरमध्ये भागते, कारण मूत्रातील फॉस्फेट व मूत्रपिंडांनी तयार केलेला अमोनिया हायड्रोजन आयनांना बांधून बाहेर नेतात आणि दर आयनामागे एक नवे बायकार्बोनेट रक्तात परत येते.

मधुमेहात इन्शुलिन फार कमी पडले की कीटोआम्ले साचतात. रुग्णाचा श्वास संथ न होता खोल व जोरकस होतो. हा दम्याचा त्रास नसून बफर वाचवण्याची शरीराची धडपड असते. त्यावर मुख्य उपचार इन्शुलिन व द्रवपदार्थांचा असून सोडा बहुतेक वेळा देत नाहीत. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांत बायकार्बोनेट भरून येत नाही आणि उरलेला भार हाडांतील खनिजांवर पडून हाडे झिजतात. डायलिसिसच्या द्रवात बायकार्बोनेट असते ते याच कारणाने.

जुलाबात आतड्यांवाटे पाण्याबरोबर बायकार्बोनेटही वाहून जाते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीच्या साथीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी तोंडावाटे जे द्रावण दिले त्यात मीठ व ग्लुकोजबरोबर खाण्याचा सोडा होता. आजच्या जलसंजीवनीच्या पाकिटात लिटरमागे २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. ते दमट हवेत सोड्यापेक्षा अधिक टिकते आणि शरीरात त्याचे बायकार्बोनेट होते. घरगुती मीठ-साखरेच्या पाण्यात हा घटक नसतो, म्हणून पाकीट उपलब्ध असेल तेव्हा तेच वापरणे श्रेयस्कर.

रक्त ‘आम्लधर्मी’ झाल्याने रोग होतात व ‘अल्कलाइन’ पाण्याने ते बरे होतात, अशी जाहिरात अलीकडे खेडोपाडी पोहोचली आहे. असे पाणी प्रथम जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लात पडते, जेथील सामू साधारण १.५ ते ३ असतो. त्यातूनही थोडे बायकार्बोनेट रक्तात पोहोचलेच तर निरोगी मूत्रपिंडे ते मूत्रावाटे टाकून देतात. बदलतो तो मूत्राचा सामू, रक्ताचा नव्हे.

प्रयोगशाळेतील उपयोग

सामूमापक यंत्र जुळवून घेण्यासाठी सामू ४, ७ व ९.२ ची प्रमाणित बफर द्रावणे वापरतात. माती परीक्षण केंद्रांतही दिवसाची सुरुवात त्यांनीच होते. पाण्याची कठीणता मोजताना अमोनिया व अमोनियम क्लोराइड यांच्या बफरने सामू १० राखतात. हव्या त्या सामूचे बफर द्रावण करताना ज्याचा पीकेए त्या सामूच्या जवळ आहे असे आम्ल निवडतात, त्याचे व त्याच्या क्षाराचे प्रमाण सूत्राने काढतात आणि शेवटी यंत्रावर तपासून घेतात. तापमानानुसार सामू थोडा सरकतो, म्हणून प्रमाणित द्रावणाच्या बाटलीवर तापमान छापलेले असते.